मशीन रूममधली शनिवारची दुपार

दिवे गेलेतच तर ऐका. माझ्या नोकरीतली एक दुपार आहे, घरात कधी नीट सांगितली नाही. रात्र नाही, अमावास्या नाही. लख्ख ऊन होतं आणि रस्त्यावर बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. तरीसुद्धा आठवलं की अजून हातावरचे केस उभे राहतात.

मी उदगीरहून एसटीनं लातूरला निघाले तेव्हा पिशवीत भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि आईनं दिलेली विभूतीची डबी होती. डोक्यात एकच विचार, खोली कुठं मिळंल. लातूरचा जिल्हा होऊन चार-पाच वर्षंच झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्यांवर ‘उस्मानाबाद’ खोडून ‘लातूर’ रंगवलेलं होतं, आणि उन्हात वरचा रंग उडाला की खालचं जुनं नाव डोकावायचं. पाऊस दोन वर्षं दगा देत होता. विहिरी कोरड्या, टँकर आला की गल्ली धावायची. अशा दिवसांत आमच्या बँकेनं नव्या जिल्ह्यासाठी विभागीय कचेरी काढली आणि तिथं कॉम्प्युटर बसवला. बँकेचं नाव काही सांगत नाही.

आत्ता तुम्हाला हसू येईल. पण तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे कपाटाएवढं यंत्र. ते एका कोपऱ्यात उभं, त्याला वायरी जोडून दोन पडदे, पुढं कीबोर्ड, आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. ते शिकायला कुणी तयार नव्हतं. युनियनचं म्हणणं, हे यंत्र दहा माणसांची नोकरी खाईल. जुन्या माणसांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. मग ज्यांना नाही म्हणायची सोय नव्हती असे आम्ही दोघं निवडले गेलो. मी उमादेवी, उदगीरच्या आडत दुकानदाराची मुलगी, अजून लग्न न झालेली म्हणून घरात सगळ्यांच्या डोळ्यांवर आलेली. आणि दुसरा देविदास, नांदेड जिल्ह्यातल्या भोकरचा. वयानं माझ्याहून लहान, नुकता बाप झालेला. मला ताई म्हणायचा. पोरीचा फोटो पाकिटात ठेवून दिवसातून चारदा बघायचा.

कचेरी एका जुन्या सरकीच्या गोदामात होती. पुढं व्हरांडा, मधे मोठा हॉल, आणि सगळ्यात मागं मशीन रूम. त्या खोलीची मिजास काही औरच होती. खिडकीला आतून काळा कागद, दाराच्या फटींना लोकरीचा जाड नमदा, चपला बाहेर. धूळ चालायची नाही, उकाडा चालायचा नाही. गावात माणसाला प्यायला पाणी नव्हतं आणि यंत्राला मात्र एसी होता. आमचा शिपाई दगडोबा रोज सकाळी यंत्राला हळदीकुंकू लावायचा. व्यंकटराव साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, एकदा हटकलं तर म्हणाला, “साहेब, ज्याला एवढं थंड ठेवावं लागतं ते काहीतरी जागृत असणारच की.”

शिकवायला हैदराबादहून एक इंजिनिअर आला होता. “डरने का नै मॅडम, काटता नै,” म्हणायचा. त्यानं आम्हाला घाईघाईनं सगळं दाखवलं. आधी आपलं नाव टाकायचं, मग परवलीचा शब्द. मग यंत्र यादी दाखवणार, त्यातला आकडा दाबायचा. सकाळी दिवस उघडायचा, संध्याकाळी बंद करायचा. बंद न करता वीज गेली तर सगळी कामं अधांतरी, दुसऱ्या दिवशी यंत्र आपल्याला दारातच उभं करायचं. ‘हू’ असं टाइप केलं की आत्ता कोण कोण यंत्रावर बसलंय त्यांची नावं यायची. आणि एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर निरोपही पाठवता यायचा. ज्याचा निरोप त्याचं नाव आधी उमटायचं, मग मजकूर. देविदासला तेवढं फार आवडलं. माझ्या शेजारीच बसलेला असायचा, तरी तोंडानं बोलायचा नाही. इंग्रजी अक्षरांत लिहायचा, “चहा घ्यायचा का ताई?” मी लिहायची, “पाणी कुठाय?”

इंजिनिअर गेला आणि आम्ही पोरके झालो. त्यानं ठेवलेली इंग्रजी पुस्तकं उशीएवढी जाड. पाच ओळी वाचायच्या, एक करून बघायची, चुकलं की पडद्यावर न समजणारं वाक्य यायचं. पण हळूहळू हात बसायला लागला. एकदा आम्ही दिवस उघडून, व्हाउचरं भरून, संध्याकाळी तो बिनचूक बंद केला, तेव्हा देविदासनं हॉलमध्ये जाऊन सगळ्यांना गूळ वाटला. जुन्या माणसांनी घेतला नाही. एकजण म्हणाला, “आमच्या तेराव्याचं गोड आत्ताच कशाला?”

हेड ऑफिसची माणसं बघायला येणार होती. आम्हाला जमलं नाही तर यंत्र उचलून दुसऱ्या जिल्ह्यात जाणार, आणि मी सीमेवरच्या कुठल्यातरी आडगावच्या शाखेत. त्या भीतीनं आम्ही शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावरही सरावाला बसायचं ठरवलं.

त्यात विजेचा खेळ. धरणात पाणी नाही म्हणून वीज नाही. साहेबांनी कुठूनतरी एक जनरेटर मिळवला आणि तो मशीन रूमच्या मागच्या बोळात ठेवला. त्याचा आवाज इतका की शेजारचे भांडायला आले. मग दगडोबानं त्याच्याभोवती पत्रे उभे केले, वर पोती टाकली. आवाज दबला. सगळ्यांना हायसं वाटलं.

त्या आठवड्यात माझं डोकं दुखायचं. देविदासचंही. आम्ही म्हणायचो, हिरवी अक्षरं बघून बघून होतंय. संध्याकाळी बाहेर पडलं की बरं वाटायचं.

तर तो शनिवार. ऑफिस रिकामं झालं, आजूबाजूच्या दुकानांची शटरं ओढली गेली. कचेरीपुढं चिटपाखरू नाही. वैशाखातल्या त्या उन्हात झाडाखाली कुत्रंसुद्धा जीभ बाहेर टाकून निपचित पडलेलं. वीज गेलेलीच होती. दगडोबानं जनरेटर चालू करून दिला आणि दारात येऊन म्हणाला, “मॅडम, माठ कोरडा पडलाय. कोपऱ्यावर टँकर यायलाय म्हणत्यात. जाऊन येतो म्या, लई गर्दी हाय.”

“जा,” मी म्हणाले. त्यानं दार ओढून घेतलं. नमद्यामुळं ते दार लागताना आवाज करायचं नाही, नुसता एक श्वास सोडल्यासारखा हुस्स करायचं. मग बाहेरचं जग संपायचं.

एसी बंद होता, पण सकाळचा गारवा खोलीत साठलेला होता. एका छोट्या दिव्याचा आणि दोन पडद्यांचा उजेड. यंत्राची घरघर. मागून जनरेटरचा आवाज पोत्यांतून गाळून येत होता, लांब कुठंतरी उखळात मिरच्या कुटाव्यात तसा. रॉकेलचा वास होता, पण त्या वासाची आठवडाभरात सवय झालेली.

आम्ही कामाला लागलो. थोड्या वेळानं देविदासचा कीबोर्ड थांबला. बघितलं तर टेबलावर हात, हातावर डोकं. रात्री पोरगी झोपू देत नाही, सकाळीच सांगत होता. म्हटलं झोपू दे.

मलाही गुंगी येत होती. वाईट नव्हती ती. लग्नघरात जागरणानंतर गादीवर पाठ टेकावी तशी गोड. बोटं चुकत होती. एकाच व्हाउचरचा आकडा मी तीनदा भरला आणि तीनदा चुकला, आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं. नुसतं बघत होते.

तेव्हा पडद्याच्या तळाशी एक शब्द आला. इंग्रजी अक्षरं, पण शब्द आपला.

उठा.

आधी कुणाचं नाव नव्हतं. नुसताच शब्द. मला वाटलं, देविदासची थट्टा. “देविदास, पुरे की,” मी म्हणाले. माझाच आवाज मला विहिरीतून आल्यासारखा वाटला. मी मान वळवली. त्याचे दोन्ही हात त्याच्या डोक्याखाली होते. गाल कीबोर्डपासून वीतभर लांब.

पुन्हा पडद्याकडं बघितलं. खाली दुसरी ओळ उमटत होती. एकदम नाही. एकेक अक्षर, मधे थांबून. जसं कुणीतरी नुकतंच टाइप करायला शिकलंय आणि बोटानं अक्षर शोधून शोधून दाबतंय.

बाहेर जा.

खरं सांगते, लगेच भीती नाही वाटली, राग आला. मला वाटलं, ही हॉलमधल्या लोकांची करामत. आम्ही घाबरून पळावं, मशीन सोडावं, म्हणून कुणीतरी काहीतरी जोडलंय. मला पळवून लावता काय? मी खुर्चीत आणखीनच घट्ट बसले.

इंजिनिअरनं शिकवलेलं आठवलं. मी ‘हू’ टाइप केलं. एवढा छोटा शब्द, तोही दोनदा खोडावा लागला. यंत्रानं नावं दाखवली. एक माझं. एक देविदासचं. तिसरं नव्हतं.

मग मी लिहिलं, “कोण आहे?”

काही नाही. यंत्राची घरघर. मागं मिरच्या कुटल्याचा आवाज. हिरवा ठिपका लुकलुकत राहिला. मला वाटलं, संपलं. डोळे मिटायला लागले. पापण्यांवर कुणी हलकेच हात ठेवावा तसं होत होतं... आणि मिटता मिटता दिसलं, ओळ सरकली.

उठा... उठा... उठा...

सगळा पडदा भरून. ओळीवर ओळ. मी बटणं दाबत होते, थांबत नव्हतं. तरी माझं अंग उठेना. उठून काय करायचंय, असंच वाटत होतं. येऊ देत अक्षरं. छान हिरवी आहेत.

मग सगळं पुसलं गेलं. पडदा काळा. आणि अगदी मधोमध, सावकाश, एक ओळ आली.

अक्कव्वा, एळ. होरग बा.

आमच्या घरात कानडी बोलतात, तुम्हाला माहीतच आहे. ‘ऊठ. बाहेर ये.’ एवढाच त्याचा अर्थ. त्या कचेरीत कुणालाही कानडीचा एक शब्द येत नव्हता. आणि अक्कव्वा हे नाव तर उदगीरच्या घराच्या उंबऱ्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. मी भावंडांत मोठी म्हणून घरात तेवढंच नाव. लातूरला मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. देविदासलाही नाही.

मी ताडकन उठले. निदान मनातून तरी. कोण आहे तो, माझं घरचं नाव घेणारा? बाहेर जाऊन त्याचं तोंड बघायचं होतं मला. पण उठल्या उठल्या पाय गेले. गुडघ्यातून कुणी हाडंच काढून घेतल्यासारखे. मी फरशीवर आले. टेबलाचा पाय धरून पुन्हा उठायला गेले, पुन्हा पडले. तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे झोप येणं नाही. काहीतरी भलतंच होतंय.

दारापर्यंत रांगत गेले. खोली केवढीशी, पण दार जवळच येईना. कडी हाताला लागली तेव्हा ती ओढायची की ढकलायची हेच आठवेना. कपाळ दाराला टेकून मी नुसती रडत होते. मग कसं कोण जाणे, हाताला आठवलं. दार उघडलं. हुस्स...

आणि हॉलमधली गरम हवा तोंडावर आली. एरवी ज्या हवेला आम्ही शिव्या घालायचो ती. मी तोंड उघडून ती प्यायले. हॉलमधून सरपटत व्हरांड्यात आले, तिथं ओकले, आणि ओकता ओकता डोकं थोडं उघडलं. रॉकेलचा वास. मागचा बोळ. पोती. पत्रे.

देविदास आत होता.

परत आत जायला हवं होतं. त्या अक्षरांची भीती आता कुठं वाटायला लागली होती. पण त्याच्या पाकिटातला तो फोटो डोळ्यांपुढं आला. पदर नाकातोंडाला बांधला, श्वास कोंडला आणि आत शिरले. पडद्याकडं बघितलं नाही. शपथेवर सांगते, नाही बघितलं. त्याच्या काखेत हात घालून ओढला. लोखंडी खुर्ची धडाडकन पडली. तो जागा झाला नाही. चेहरा लालबुंद, कुंकू फासल्यासारखा. फरफटत हॉलपर्यंत आणला आणि तिथून मी जी किंकाळी फोडली, ती माझी मलाच ओळखू आली नाही.

टँकरची रांग कोपऱ्यापर्यंत आलेली होती. बायका धावत आल्या. सगळ्यांत पुढं कावेरीबाई, समोरच्या गल्लीत राहणारी, धुणीभांडी करणारी. डोक्यावर भरलेली घागर. दोघी-तिघींनी देविदासला उचलून व्हरांड्यात आणलं.

“काय झालं ओ बाई? साप चावला का काय?”

“धूर... आतला धूर,” एवढंच मला बोलता आलं.

कावेरीबाईनं विचार केला नाही. ती घागर तिनं सबंध देविदासच्या डोक्यावर उपडी केली. दुपारभर उन्हात उभं राहून मिळवलेलं पाणी. ते व्हरांड्याच्या पायऱ्यांवरून मातीत गेलं आणि माती ते गटागटा प्याली. मागच्या बाईनंही आपली कळशी पुढं केली. एक म्हातारी त्याचे तळवे चोळायला लागली. “ऊठ रे माझ्या लेकरा, ऊठ, घरी वाट बघायल्यात,” असं बडबडत होती. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलेलं. छाती हलतच नव्हती असं मला वाटत होतं. एकदम तो खोकला. मग आणखी जोरात खोकला. डोळे किलकिले करून म्हणाला, “ताई... दिवस बंद केला का?”

मी हसले की रडले, आता सांगता येत नाही. सगळ्याच बायका हसत-रडत होत्या. कावेरीबाई रिकामी घागर पालथी करून त्यावर बसली आणि म्हणाली, “त्यो दिवस राहू दे बाबा, तुझाच बंद व्हायला होता.”

दगडोबा धावत आला, आणि पाठोपाठ शेजारच्या क्वार्टरमधून व्यंकटराव साहेब, बनियनवरच. मी मागच्या बोळाकडं बोट दाखवलं. साहेबांनी दगडोबाला बोळात जनरेटर बंद करायला पिटाळलं, कळशीत राहिलेल्या पाण्यात पंचा भिजवून नाकाला लावला आणि स्वतः आत गेले, दारं-खिडक्या उघडायला आणि जनरेटर थांबल्यावरही बॅटरीवर थोडा वेळ चालणारं मशीन बंद करायला. इतक्यात रिक्षा आली आणि आम्हाला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर दोघांपैकी कुणी हाती लागलं नसतं. पोत्यांनी कोंडलेला जनरेटरचा धूर एसीच्या भोकातून आत येत होता. त्या वायूला स्वतःचा वास नसतो, तो माणसाला हसत हसत झोपवतो. मी त्यांना हळूच विचारलं, “डॉक्टर, त्यात काही... दिसतं का? नसलेलं?”

“दिसतं की,” ते म्हणाले. “भास होतात, आवाज येतात. मेंदूला हवाच मिळत नाही. तुम्हाला काय दिसलं?”

“काही नाही,” मी म्हणाले. आणि उशीवर डोकं टेकून इतकी सुखानं झोपले, की काय सांगू. भास! म्हणजे माझंच मन मला उठवत होतं. घरचं नाव माझ्याच मनाला माहीत असणार, दुसऱ्या कुणाला? सगळं जागच्या जागी बसलं.

पुढचं सगळं चांगलंच झालं. देविदासची बायको भोकरहून पोरीला घेऊन आली, माझ्या पाया पडायला लागली, मी तिला उठवून जवळ घेतलं. जनरेटर पार रस्त्याच्या कडेला गेला, आवाज करायला लागला, आणि शेजारी भांडले नाहीत. खोलीची खिडकी फोडून मोठी केली. गंमत म्हणजे हॉलमधली जुनी माणसं, ज्यांनी आमचा गूळ घेतला नव्हता, ती पाळीपाळीनं दवाखान्यात डबे घेऊन आली. ज्यांच्यावर मी मनातून आळ घेतला होता तेच. हेड ऑफिसची माणसं आली तेव्हा आम्ही दिवस उघडला, बंद केला, सगळं त्यांच्या देखत. यंत्र लातुरातच राहिलं. मीही राहिले. नंतर कितीतरी शाखांच्या पोरांना मीच ते शिकवलं. कावेरीबाईच्या दारात मात्र बँकेला पाणी आणणारा टँकर आधी थांबायचा, पाऊस पडेपर्यंत. त्याचा हुकूम कुठं लिहिलेला नव्हता.

आणि त्या पडद्यावर पुन्हा कधी काही आलं नाही. मी वर्षानुवर्षं त्याच्यापुढं बसले, एकटीसुद्धा बसले. एकदाही नाही. म्हणून भास हीच गोष्ट मनात पक्की झाली होती.

बरीच वर्षं गेली. व्यंकटराव साहेब रिटायर होऊन नांदेडला मुलाकडं राहायला गेले. मी एकदा कामानं नांदेडला गेले तेव्हा त्यांना भेटायला गेले. संध्याकाळची वेळ. गुरुद्वाऱ्याकडून कीर्तनाचा आवाज येत होता, गोदावरीवरून वारा. आम्ही गच्चीत बसलो. सूनबाईंनी चहा आणून दिला. जुन्या गोष्टी निघाल्या. इतक्या वर्षांनी मला वाटलं, आता काय, सांगून टाकावं. हसत हसतच सांगितलं. पडद्यावर ‘उठा’ कसं आलं, मी युनियनवर कशी चिडले, मग कानडीत घरचं नाव कसं आलं. “धुरानं काय काय दाखवलं बघा साहेब,” मी म्हणाले.

साहेब हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला.

“उमाबाई,” ते म्हणाले, “तुम्ही मला हे आधी का नाही सांगितलं?”

“वेडी म्हणाला असता.”

“मीही त्याच भीतीनं बोललो नाही.” त्यांनी एकदा जिन्याकडं बघून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “मी आत गेलो ना... तेव्हा दार सताड उघडं होतं. खिडकीचा कागद मी आधी फाडला. ऊन आलं खोलीत, हवा आली. मला ना चक्कर होती, ना काही. शुद्धीवर होतो मी. मशीनचं बटण दाबायला वाकलो, तर तुमच्या पडद्यावर अक्षरं येत होती. माझ्या डोळ्यांदेखत. एकेक... थांबत थांबत...”

“काय?”

“मराठीत होतं.” त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. “‘दोघं निघाले. आता बाकीचे उठा.’”

“बाकीचे कोण?” मी विचारलं.

“खोलीत कुणीच नव्हतं, उमाबाई. मी सगळीकडं बघितलं. मग बटण दाबलं. पडदा विझला. आणि माझ्या पाठीमागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.”

“वळून बघितलंत?”

“नाही. भिंतीकडं तोंड करून दाराच्या एका अंगाला उभा राहिलो. म्हटलं, वाट तर द्यावी.”

खाली रस्त्यावरून एक ऑटो गेली. सूनबाईंनी आतून दिवा लावला. मला वाटलं होतं की मी घाबरून जाईन, पण छातीवरून काहीतरी उतरल्यासारखंच झालं. आम्हाला कुणीतरी खरंच उठवलं होतं. आणि जे कोण अजून आत अडकलेलं होतं, त्यालाही सोडलं नव्हतं.

“बरं झालं साहेब,” मी म्हणाले. “निघालं एकदाचं, जे कोण होतं ते.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते लांब नदीकडं बघत होते.

“निघाले की,” ते म्हणाले. “पण केवढीशी खोली ती... आणि मी कितीतरी वेळ वाट देत उभा होतो.”